वारसा त्यांचा, सरवा आमचा: वालाच्या बियांची गोष्ट

गेल्या जानेवारीत हैदराबादमध्ये एका बीज महोत्सवाला गेले होते. पीएचडीच्या कामासाठी अशा ठिकाणी जावं लागतं. एका टेबलावर काचेच्या बरण्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या एकीत काळे वाल होते, कडेला पांढरी रेघ असलेले. शेजारी तागाच्या छोट्या पिशव्या. पिशवीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'वारसा वाण. काळा वाल. १० बिया. १५० रुपये.' खाली ज्यांनी ते बी जमवलं त्या गृहस्थांचं नाव, आडनाव आणि फोन नंबर. मी विचारलं, "बी कुठलं?" ते उत्साहाने म्हणाले, "मराठवाड्याच्या सीमेवरचं. एका खेड्यात एका म्हातारीच्या छपरावर वेल दिसला. तिला बिचारीला त्याची किंमतच माहीत नव्हती." म्हातारीचं नाव काय, असं विचारल्यावर मात्र ते गोंधळले. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. 'तिला किंमतच माहीत नव्हती.'

मी त्याच सीमेवरच्या एका गावातली आहे. तालुका देगलूर, जिल्हा नांदेड. आमच्या वस्तीत निम्म्या छपरांवर वालाचे वेल असत. माझी आजी चार प्रकारचे वाल राखायची: पांढरा, तांबूस, ठिपक्यांचा आणि हा काळा. मी तालुक्याच्या कॉलेजात गेले तेव्हा माझ्या बोलण्याला, कपड्यांना, डब्यातल्या वालाच्या आमटीला मिळून एकच शब्द मिळाला: 'गावठी'. आता तोच शब्द जरा वळवून, 'गावरान' करून, शहरात चढ्या भावाने विकला जातो. गावरान कोंबडी, गावरान तूप, गावरान बी. माणूस गावठी आणि बी गावरान, हा भेद कोण करतं आणि कुणाच्या सोयीसाठी करतं, हे आपण पहिल्या पिढीतल्या पदवीधरांनी विचारायला हवं. कारण ज्यांच्या छपरांवरून ही बी उतरवली जाते त्या आपल्या आया-आज्या आहेत.

अशा बियांना इंग्रजीत 'एअरलूम' म्हणतात. घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मौल्यवान वस्तूला, आजोबांच्या घड्याळाला नाहीतर आजीच्या दागिन्याला, तिकडे हाच शब्द लावतात. मराठीत त्याचं 'वारसा वाण' झालं. वारसा म्हटलं की वारस आला, वारस आला की मालमत्ता आली आणि मालमत्ता आली की सातबारा आला. माझ्या आजीच्या नावावर सातबारा नव्हता. आजोबांच्याही नव्हता. मग तिच्याकडे वाल आले कुठून? ते आले सरव्यातून. पीक काढून नेल्यावर रानात पडून राहिलेली कणसं, शेंगा, दाणे वेचून आणणं म्हणजे सरवा. ज्या रानात दिवसभर दुसऱ्याची काढणी केली त्याच रानात दिवस मावळताना, मालक हो म्हणाला तर, बांधावरच्या वेलाच्या राहिलेल्या शेंगा ओट्यात घ्यायच्या. त्यातल्या चांगल्या शेंगा खायच्या नाहीत, ठेवायच्या. आमच्या घरातलं बी असं आलं. त्याला वारसा म्हणणं म्हणजे ती मजुरी, ती परवानगी आणि तो नकार, सगळं एका गोड शब्दाखाली झाकून टाकणं.

परसबागेबद्दल मराठीत खूप लिहिलं जातं. वाचायला छान वाटतं. पण परस म्हणजे घराची मागची बाजू, आणि ज्याच्या घराला मागची बाजू असते त्यालाच परसबाग करता येते. आमच्या वस्तीत एकाच्या मागच्या भिंतीला दुसऱ्याची मागची भिंत चिकटलेली होती. आजीने वाल लावला तो उकिरड्याच्या कडेला, आणि तुराट्यांच्या आधाराने छपरावर चढवला. छप्पर ही आमची एकमेव जमीन होती. पाण्याचंही तेच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतरही कित्येक वर्षं आजीला गावच्या विहिरीवर कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून घागर घेऊन थांबावं लागायचं. असं मिळालेलं पाणी कुणी वेलाला घालत नाही. वेलाला मिळायचं ते न्हाणीचं सांडपाणी. गच्चीवरच्या बागेच्या कार्यशाळेत 'वापरलेलं पाणी झाडांना द्या' असं पर्यावरणाच्या नावाने शिकवतात तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे हा पर्याय नव्हता, परिस्थिती होती.

आता ती काय करायची ते नीट सांगते, कारण 'किंमत माहीत नसणं' म्हणजे काय ते त्यावरून ठरवता येईल.

गावठी वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. मृगात पेरा की आषाढात, दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. शहरातले हौशी लोक उन्हाळ्यात कुंडीत वाल लावतात, नुसता पाला वाढतो आणि मग 'बी खराब निघालं' म्हणतात. आजीला घड्याळ वाचता येत नव्हतं, पण दसऱ्याच्या आसपास पहिला तुरा येणार हे तिला माहीत होतं. पहिल्या बहराच्या शेंगा भाजीला जायच्या. मधल्या बहरात, वेल ऐन जोमात असताना, ती चार-पाच भरदार घोसांना जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या घोसाला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. ज्या वेलावर मावा पडला किंवा पानं आकसली त्याच्यावर चिंधी बांधली जात नसे, मग शेंग कितीही मोठी असो. चिंधीच्या शेंगा वेलावरच वाळवायच्या. हलवल्यावर आत दाणे खुळखुळले की उतरवायच्या. सोलून दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, दुपारचं कडक ऊन टाळायचं. मग एक दाणा दाताखाली धरायचा. दात रुतला तर अजून ओल आहे. कट्कन तुटला तर बी झालं.

पुढचा शत्रू भुंगा. त्याची अंडी शेंगेवरून, रानातूनच घरात येतात. म्हणून गोवऱ्यांची राख चाळून, दाण्यांत कालवून, कडुनिंबाचा वाळका पाला वर-खाली घालून सगळं डालड्याच्या डब्यात भरायचं आणि झाकण शेणामातीने लिंपायचं. बारीक राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हालायला जागा उरत नाही. डबा एक नाही, दोन. दुसऱ्या डब्यात आदल्या वर्षीचं बी, कारण पाऊस दगा देतो. आणि मूठभर बी प्रत्येक लेकीच्या, नणंदेच्या सासरी. आज ज्याला जनुक बँकेची सुरक्षा प्रत म्हणतात ते काम आमच्यात लग्न होऊन परगावी गेलेल्या बायकांनी केलं.

हेच विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर केलं की त्याला 'निवड पद्धत' म्हणतात, त्यावर प्रबंध होतो, करणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात. उकिरड्याच्या कडेला केलं की त्याला 'परंपरागत ज्ञान' म्हणतात. जणू ते ज्ञान कुणी मिळवलं नाही, पावसासारखं आपोआप पडलं. परंपरेला मानधन द्यावं लागत नाही, तिचं नाव चिठ्ठीवर छापावं लागत नाही.

राहिला किमतीचा प्रश्न. १९७२ च्या दुष्काळात आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माझे वडील तेव्हा पाच वर्षांचे होते. घरात दोन वेळचं नव्हतं, मिळेल ती सुकडी खाऊन दिवस काढले. वडील सांगतात, वालाचे दोन्ही डबे घरात होते आणि आजीने ते उघडले नाहीत. पोरं रडली तरी नाही. भुकेल्या पोरांसमोर शेर-दीड शेर वाल वर्षभर लिंपून ठेवणाऱ्या बाईला किंमत माहीत नव्हती, असं म्हणायला तुमच्याकडे नेमकं कोणतं माप आहे?

आता कायद्याकडे या, कारण आपल्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षांसाठी कायदे पाठ करतात आणि हा मात्र वाचत नाहीत. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१. त्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, पुन्हा पेरायचा, देवघेव करायचा आणि विकायचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही, एवढीच अट. पण शेतकरी कोण? व्याख्येत तीन प्रकार आहेत. एक, जो स्वतः जमीन कसतो. दोन, जो दुसऱ्याकडून जमीन कसून घेतो आणि देखरेख करतो. तीन, जो एकट्याने किंवा इतरांसोबत रानटी किंवा पारंपरिक वाण राखतो, किंवा त्यातले उपयोगी गुण ओळखून, निवड करून त्यांचं मोल वाढवतो.

दुसरा प्रकार वाचून मला राग आला. बांधावर उभं राहून हुकूम सोडणाराही शेतकरी, आणि ज्याच्याकडून तो काम करून घेतो तो नुसता 'दुसरा'. पण तिसरा प्रकार वाचून मी बराच वेळ थांबले. त्यात जमिनीची अट नाही. म्हणजे माझी भूमिहीन आजी, चिंधी बांधून घोस राखणारी, भारताच्या कायद्यानुसार शेतकरी होती. तिला हे कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? सरकार जेव्हा खरोखर पैसे वाटतं तेव्हा ही व्याख्या गायब होते. २०१९ पासून पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात ते जमीनधारक कुटुंबालाच. कायद्याच्या पुस्तकात शेतकरी आणि बँकेच्या खात्यात शेतमजूर, अशी ही विभागणी आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीत राबणाऱ्या दर १० दलितांपैकी सुमारे ७ शेतमजूर होते. म्हणजे 'शेतकऱ्यांचं बियाणं वाचवा' या घोषणेतल्या शेतकऱ्यांत आपली बहुतेक माणसं धरलेलीच नाहीत.

याच कायद्याखाली शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करता येते. त्यासाठी वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर असावं लागतं. आजीचा ठिपक्यांचा वाल कधीच एकसारखा नव्हता. कुठे ठिपके दाट, कुठे विरळ, काही दाणे जवळजवळ कोरे. तिला विचारलं तर म्हणायची, "समदे सारखे असले तर समदे एकदाच मरतेत." रोग आला, पाऊस लांबला, तरी त्यातले काही तगावेत म्हणून ती मिसळ मुद्दाम राखलेली होती. गरिबाच्या बियांचा हा शहाणपणा नोंदणीच्या फॉर्ममध्ये दोष ठरतो.

इथे भाषेचाही एक खेळ आहे. मराठीत बियाण्याच्या प्रकाराला आपण 'जात' म्हणतो. सुधारित जात, देशी जात, शुद्ध जात. बियाण्याच्या चळवळीत 'शुद्ध देशी' हे शब्द जितक्या सहजपणे फिरतात तितकी माझी अस्वस्थता वाढते, कारण शुद्धतेच्या भाषेने आपलं काय केलं हे आपल्याला माहीत आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र मानून अपत्य कुणाचं, याचा खल आहे. समाजशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी १९८६ च्या आपल्या निबंधात दाखवलं की बीज आणि भूमी ही उपमा निरागस नाही. स्त्रीला नुसतं पोसणारी माती ठरवलं की अपत्यावरचा आणि साधनांवरचा तिचा हक्क आपोआप कमकुवत होतो. शुद्ध बीज राखायचं तर शेतावर, म्हणजे बाईवर, पहारा हवा. जातीची कुंपणं तिथूनच उभी राहतात. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली तेव्हा हेही जळायला हवं होतं. पण उपमा चिवट असतात. गंमत अशी की प्रत्यक्षात आमच्या घरी बीज बाईकडे होतं आणि पुरुष दुसऱ्याच्या शेतात सालगडी होता.

आणि कडधान्यांच्या वंशावळी काढायच्याच असतील तर काढू. राजमा, फरसबी, साताऱ्याचा भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा, या सगळ्यांचं मूळ घर अमेरिका खंड. युरोपीय जहाजं जाऊ-येऊ लागल्यानंतर ते इकडे आले. चवळी आफ्रिकेची. वालाचे रानटी पूर्वजही आफ्रिकेतच सापडतात, इथे तो हजारो वर्षं रुळला एवढंच. ज्याला आपण अस्सल देशी म्हणून मिरवतो त्या ताटात परदेशातून आलेले पाहुणे बसले आहेत, आणि त्यांना रुळवलं ते राबणाऱ्या हातांनी. बी इथलं होतं ते मातीने आणि मेहनतीने. रक्ताने नाही. आजी दोन प्रकारचे वाल एकमेकांना लागून लावत नसे, कारण मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात. तरी झालीच सरमिसळ, तर नवा दाणा फेकून न देता वेगळा लावून बघायची. वाण वेगळं राखणं ही पिकाची सोय आहे. तिच्यावरून माणसांचे धडे कुणी काढू नयेत.

खाण्यातही हेच घडलं. कडव्या वालाचं बिरडं, डाळिंब्यांची उसळ, त्यावर ओलं खोबरं, हे पाककृतींच्या पुस्तकांत मानाने आहे. आमची आमटी कुठे नव्हती. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हातात आलं तेव्हा मराठवाड्यातल्या आपल्या घरांमधलं जेवण मला पहिल्यांदा छापलेलं दिसलं. तोवर मला वाटायचं, आम्ही जे खातो ते 'पाककृती' या सदरात बसतच नाही.

आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करते. मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा आमच्या घराला रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झालं. जुनं घर पाडायचं होतं. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. सामान काढताना आईने राखेने भरलेले ते दोन डबे बाहेर आणले आणि विचारलं, "ह्याचं काय करू गं?" मी म्हटलं, "टाकून दे. नव्या घरात राखेचे डबे कशाला?" मला त्या डब्यांची लाज वाटत होती. माझ्या मैत्रिणी येणार होत्या. आईने टाकले. नंतर एमएला लीला दुबे वाचताना मला ते डबे आठवले आणि मी गावी फोन लावला. नशिबाने उदगीरकडे दिलेल्या आत्याच्या घरी तांबूस वाल शिल्लक होता. बाकीचे तीन गेले. म्हणजे त्या महोत्सवातल्या बरणीत जो काळा वाल होता, तो कदाचित माझ्याच हाताने मी उकिरड्यात घातलेला होता.

मी हे पश्चात्तापाचं प्रदर्शन म्हणून सांगत नाही. ती लाज माझ्यात कुठून आली हे विचारा. आपल्याला शिक्षणाने वर काढलं, ते काढणारच होतं, पण त्याच वर्गात आपल्या घरातली प्रत्येक वस्तू मागासलेपणाचा पुरावा म्हणून शिकवली गेली. आपण ती टाकून देतो, दुसरा उचलतो, धुऊन बरणीत भरतो आणि आपल्यालाच विकतो. या व्यवहारात चोर एकटा तो नाही. पण नफा त्याचा एकट्याचा आहे.

आत्याचा तांबूस वाल मी हैदराबादला आणला आणि भाड्याच्या खोलीबाहेर रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला. तेव्हा मला कळलं की बी राखायला आधी काय लागतं. मृगात पेरलेल्या वालाच्या शेंगा वाळून उतरायला माघ उजाडतो. सात-आठ महिने एका जागी राहता आलं पाहिजे. भाड्याचा करार ११ महिन्यांचा, तोही घरमालकाच्या मर्जीवर. चार वर्षांत मी तीन खोल्या बदलल्या. एका घरी १४ एप्रिलला दाराला निळी पताका लावली आणि मे महिन्यात खोली सोडायला सांगण्यात आलं. कारण दिलं की बादल्यांमुळे गच्चीला ओल येते. बादल्या तिथे दोन वर्षं होत्या. घरच्या बागेवर लिहिणारे माती, खत, ऊन सगळं सांगतात, ही एक गोष्ट सांगत नाहीत: पायाखालची जागा आपली असावी लागते.

म्हणून मला झहीराबादच्या बायकांचं काम मोलाचं वाटतं. माझं संशोधनाचं क्षेत्र तेच आहे. तेलंगणातल्या संगारेड्डी जिल्ह्यातला हा भाग आणि आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत एकाच निजामाच्या राज्यात होते, माती आणि पिकंही मिळतीजुळती. आमचा वाल तिकडे चिक्कुडु नाहीतर अनुमुलु होतो. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था तिथे १९८३ पासून आहे आणि तिच्या गावोगावच्या महिला संघमांमध्ये बहुसंख्य बाया दलित आहेत. त्यांच्या बियाणे बँकांचं जगभर कौतुक झालं, २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. दरवर्षी संक्रांतीपासून महिनाभर बैलगाड्यांत बियाणं भरून त्यांची जत्रा गावोगाव फिरते. कौतुक करणारे बियांचे फोटो काढतात. पण सुरुवात बियांपासून झालेली नाही. सुरुवात झाली ती जमिनीपासून. भूमिहीनांना वाटलेल्या मुरमाड, पडीक जमिनी या बायांनी पिकत्या केल्या, गटाने जमिनी खंडाने घेतल्या, आणि मग त्या जमिनीत ज्वारी, तूर, वाल असं मिश्र पीक घेऊन बियाण्याची बँक उभी राहिली. बँकेतून नेलेलं बी सुगीनंतर वाढीव मापाने परत करायचं. हिशेब त्यांच्या हातात, नाव त्यांचं. आधी जमीन, मग बी. हा क्रम उलटा करून नुसतं बी मिरवणं म्हणजे फसवणूक.

आपल्या चळवळीला हा क्रम नवा नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून जात-धर्म न बघता गावकऱ्यांना सामूहिक पद्धतीने कसायला देण्याची मांडणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले. त्याच लढ्यांच्या रेट्याने महाराष्ट्रात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय झाला. आजही मराठवाड्यात किती तरी कुटुंबं त्या तारखेच्या पुराव्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवत आहेत.

दोन आक्षेप येतील. पहिला बाहेरून: "तुम्ही बियांतही जात आणता." आम्ही आणली नाही. छप्पर कुणाचं, सातबारा कुणाचा, चिठ्ठीवर नाव कुणाचं, हे आधीच ठरलेलं होतं. आम्ही फक्त वाचून दाखवतो.

दुसरा आक्षेप आतून येईल आणि तो जास्त गंभीर आहे. "बाबासाहेब शहराकडे चला म्हणाले आणि तू आम्हाला परत वाल लावायला सांगतेस?" बरोबर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना जे सुनावलं ते मी विसरलेले नाही. १९१८ च्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधातही शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवायला हवा, असंच ते सांगत होते. मी कुणालाही परत जायला सांगत नाही. बी राखणं हे गरीब बाईचं व्रत नाही. माझी आई बी राखत नाही, कारण तिला रोजंदारीनंतर वेळ उरत नाही, आणि तो निर्णय तिचा आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे किंवा कोरापुटच्या दिवंगत कमला पुजारी, दोघीही आदिवासी, दोघींनाही पद्मश्री मिळाली याचा मला अभिमान आहे. पण एकीला पुरस्कार देऊन बाकी हजारोंकडून तीच सेवा फुकट अपेक्षिली जात असेल, तर तो सन्मान नाही, ते बलुतंही नाही. बलुतेदाराला निदान सुगीला चार पायल्या मिळत.

मी मागते ते एवढंच. बी घेताना देणाऱ्या बाईचं नाव लिहा, तिला विचारून लिहा, आणि विकलं तर तिचा वाटा तिला पोहोचवा. कायद्यातला तिसऱ्या प्रकारचा शेतकरी योजनांमध्येही शेतकरी म्हणून धरा. आणि भूमिहीन कुटुंबाला घरकुल देताना चार भिंतींबरोबर वेल चढेल एवढी तरी मागची बाजू द्या.

वाचणाऱ्या मित्र-मैत्रिणींना एक काम सांगते, ते शेतीचं नाही, लिहिण्या-वाचण्याचं आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी लागते. गावात कोणती पिकं, कोणती वाणं, कुणाकडे काय जाणतेपण आहे, हे त्यात लिहायचं असतं. २००४ च्या नियमांनी समितीत एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य ठेवायला सांगितलं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ती नोंदवही मागा. समितीवर आपल्या वस्तीतलं कोण आहे ते विचारा. आपल्या छपरांवरचं काही त्यात लिहिलंय का ते बघा. मी आमच्या गावची बघितली. त्यात वाल आहे. पाटलाच्या मळ्यातला. वस्तीच्या नावाने एक ओळही नाही. दुरुस्तीचा अर्ज मी दिला आहे, पोच घेतली आहे. आजीला लिहिता येत नव्हतं. आपल्याला येतं.

त्या महोत्सवातून मी १५० रुपये देऊन ती पिशवी विकत घेतली. १० बिया जूनमध्ये लावल्या, ७ उगवल्या. आता वेल गच्चीच्या कठड्यावर गेला आहे आणि परवा पहिला तुरा आला. व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "फूल तर तसंच दिसतंय. पण शेंग वाळल्याबिगर सांगता येत नाही." शेंग वाळायला माघ उजाडेल. माझा भाडेकरार मार्चपर्यंत आहे.

जय भीम.